इस्टेट : एका स्वस्त मोटारीचा जमाखर्च

मराठीत ‘इस्टेट’ म्हटले की सातबारा, वाटण्या आणि भाऊबंदकी आठवते. ‘त्याने चांगली इस्टेट केली’ या वाक्यात कौतुक असते आणि थोडी असूयाही असते. इंग्लंडात मात्र शेजाऱ्याने ‘आम्ही इस्टेट घेतली’ असे सांगितले, तर त्याने बहुधा जमीन घेतलेली नसते. मागे लांबलचक डिकी असलेली मोटार घेतलेली असते. आपल्याकडे हिलाच स्टेशन वॅगन म्हणतात.

दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. इंग्लंडातील बड्या जमीनदारांच्या खेड्यातल्या जमिनींना आणि त्यांवरच्या प्रशस्त घरांना इस्टेट म्हणत. तिथे येणारे पाहुणे, त्यांच्या ट्रंका, शिकारीच्या बंदुका आणि कुत्रे हे सगळे वाहून नेण्यासाठी जी मोटार ठेवत, ती इस्टेट कार. अमेरिकेत हेच काम रेल्वे स्टेशन ते घर असे चाले, म्हणून तिथे ‘स्टेशन वॅगन’ हा शब्द रूढ झाला. साध्या मोटारीचे तीन खोके कल्पावेत : पुढे इंजिनाचे, मध्ये माणसांचे, मागे सामानाचे. इस्टेटमध्ये मधल्या खोक्याचे छप्पर थेट शेपटीपर्यंत नेलेले असते. माणसांची आणि सामानाची जागा एकाच छताखाली येते, मागची आसने दुमडली की दोन्हींमधली सीमाही जाते.

पुढे ही मोटार जमीनदारांकडून मध्यमवर्गाकडे आली. १९५३ साली मॉरिस मायनरची ‘ट्रॅव्हलर’ निघाली; तिच्या मागच्या भागाला बाहेरून दिसणारी अ‍ॅश लाकडाची चौकट होती. त्याच वर्षी स्वीडनमध्ये व्होल्वोची ‘ड्युएट’ आली. आठवडाभर धंद्याच्या कामाला आणि रविवारी कुटुंबासाठी, एकीत दोन गाड्या, असा त्या नावाचा आशय. इस्टेटचा स्वभाव या नावातच आहे. चालवणाऱ्याला मिरवण्यापेक्षा त्याचे ओझे उचलणे हे तिचे काम.

२०१५ साली मी माझी २००३ची साब ९-५ एरो ही गाडी विकली आणि नवी कोरी डासिया लोगन एमसीव्ही ही इस्टेट घेतली. पहिलीचे इंजिन २५० अश्वशक्तीचे होते, दुसरीचे ९०. पहिली स्वीडनची, विमाने बांधणाऱ्या कंपनीतून जन्मलेल्या घराण्यातली. दुसरी रोमानियाची, आणि त्या वेळी ब्रिटनमध्ये नवी मिळणारी सर्वांत स्वस्त इस्टेट. आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका जुन्या मित्राने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “काय रे, सगळं ठीक आहे ना? नोकरी वगैरे?” त्याच्या प्रश्नात काळजी होती, टोमणा नव्हता. महाग गाडीकडून स्वस्त गाडीकडे जाणारा माणूस अडचणीतच असणार, असे आपण सगळेच गृहीत धरतो.

कारण साधे होते. आई नाशिकहून आमच्याकडे यॉर्कशायरला राहायला आली होती. तिची चाकाची खुर्ची, वॉकर, मुलीची सायकल आणि मंडळाच्या गणपतीची भांडीकुंडी एका गाडीत बसायला हवी होती. पण मित्राचा प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि त्याचे नीट उत्तर शोधायला मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून आणखी दोन प्रश्न निघाले. २५० अश्वशक्तींपैकी मी प्रत्यक्षात किती वापरत होतो? आणि गाडी स्वस्त होते तेव्हा नक्की काय वगळले जाते, आणि कोणाच्या खर्चाने?

ताकद कुठे खर्च होते

ब्रिटनमध्ये मोटरवेवर वेगाची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर आहे. सपाट रस्त्यावर या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टींशी झगडावे लागते : हवेचा अडथळा आणि टायरांचे घर्षण. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. गाडीच्या पुढच्या भागाचे क्षेत्रफळ, तिच्या आकाराचा गुळगुळीतपणा आणि वजन यांचे सर्वसाधारण आकडे घालून हिशेब केला, तर ७० मैलांच्या वेगासाठी लोगनला सुमारे २५ अश्वशक्ती पुरतात.

साबला किती लागत? जवळजवळ तेवढ्याच. ती आकाराने अधिक गुळगुळीत होती, त्यामुळे हवेत थोडी बचत होई. पण ती सुमारे दीड टनाहून जड होती आणि लोगन सुमारे १.१ टनाची, त्यामुळे ती बचत टायरांच्या घर्षणात जाई. म्हणजे लीड्सहून लंडनला जाताना तीन-साडेतीन तासांचा बहुतेक सगळा वेळ माझ्या २५० घोड्यांपैकी २२५ तबेल्यात उभे असत. आणि त्यांच्या वैरणीचा खर्च मी देत असे, कारण मोठे इंजिन कमी भारावर चालते तेव्हा इंधनाचा मोठा हिस्सा त्याच्या स्वतःच्या घर्षणात आणि हवा ओढून घेण्यातच जातो.

उरलेली ताकद लागते ती दोन प्रसंगी, चढावर आणि वेग वाढवताना. चढाचा हिशेब आमच्या दारातच आहे. यॉर्कशायर आणि लँकेशायर यांना जोडणारा एम-६२ हा मोटरवे पेनाइन डोंगररांग ओलांडताना ३७२ मीटरपर्यंत चढतो. ब्रिटनमधला हा सर्वांत उंच मोटरवे. कसारा घाट चढलेल्या माणसाला तो घाट वाटणार नाही, पण हिवाळ्यात समोरून वारा आणि पाऊस असला की गाडीची परीक्षा होते. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी पाच टक्के चढावर ७० मैलांच्या वेगाने न्यायची, तर आणखी तीसेक अश्वशक्ती लागतात. आधीच्या २५ धरून ५५. म्हणजे ९० पुरतात, पण गिअर एक-दोन पायऱ्या खाली आणावा लागतो आणि इंजिन आवाज करते. साबला याची जाणीवही होत नसे. सुख होते ते एवढे, आणि ते खोटे नव्हते.

वेग वाढवण्याच्या बाबतीत फरक अधिक खरा आहे. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला साबला सातेक सेकंद लागत, लोगनला अकरा. सिग्नलवर या चार सेकंदांना काही अर्थ नाही. पण दुपदरी रस्त्यावर ट्रॅक्टर किंवा लॉरी ओलांडताना आहे. ताशी ८० वरून ११० वर जायला साबला चारेक सेकंद पुरत, लोगनला आठ लागतात असे धरले, तर त्या वेळात साब सुमारे १०५ मीटर जाते आणि लोगन २१०. म्हणजे समोरचा रस्ता दुप्पट लांबीचा मोकळा दिसायला हवा. ताकदवान गाडीच्या बाजूने मला सापडलेला सर्वांत सबळ मुद्दा हा आहे. त्यावरचा उपायही साधाच आहे, ओलांडायचे नाही. ट्रॅक्टर दोन-तीन मैलांत कुठल्यातरी शेतात वळतोच.

यात एक गमतीची गोष्ट आहे. साबने १९७७ साली ‘९९ टर्बो’ लोकांसमोर आणली आणि टर्बो हा शब्द कौटुंबिक मोटारीच्या जगात रुळवण्यात मोठा वाटा उचलला. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या पंख्याला फिरवतो. तो पंखा त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद. माझ्या साबचे २२९० सीसीचे इंजिन अशा रीतीने २५० अश्वशक्ती देई. लोगनचे तीन सिलिंडरांचे इंजिन फक्त ८९८ सीसीचे आहे, पण त्यालाही टर्बो आहे आणि ते ९० देते. दर लिटरमागे हिशेब केला तर एकीकडे सुमारे १०९ आणि दुसरीकडे १००. स्वीडनच्या गाडीने जी युक्ती जोमासाठी लोकप्रिय केली, तीच रोमानियाच्या गाडीत काटकसरीसाठी आली आहे. मधल्या काळात साबची मोटार कंपनी १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळखोरीत निघाली होती.

पैशाचा आणि धुराचा हिशेब

‘नवी गाडी घ्या, पेट्रोल वाचेल’ हा युक्तिवाद प्रत्येक विक्रेता करतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. मी वर्षाला सुमारे १०,००० मैल गाडी चालवतो. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे साब गॅलनला २७ मैल जाई आणि लोगन ४५ जाते. ब्रिटिश गॅलन म्हणजे सुमारे ४.५५ लिटर. म्हणजे वर्षाला साबला सुमारे १६८० लिटर पेट्रोल लागे, लोगनला १०१० लागते. वाचले ६७० लिटर. त्या वेळच्या लिटरला १.१५ पौंड या भावाने ७७० पौंड. रस्त्याचा कर धुरातल्या कार्बनवर ठरत असल्यामुळे तो तीनशेच्या आतबाहेर होता तो ३० पौंडांवर आला. जुन्या गाडीला बारा वर्षांच्या वयाप्रमाणे जी डागडुजी लागे, तिच्यात वर्षाला पाचएकशे पौंड वाचले. एकूण सुमारे १५०० पौंड.

आता दुसरी बाजू. नव्या गाडीला मी नऊ हजार पौंडांच्या आसपास दिले. पाच वर्षांनी तिला निम्मी किंमत आली असती. म्हणजे वर्षाला ९०० पौंड घसाऱ्यात गेले, आणि हे पैसे पेट्रोल पंपावर दिसत नाहीत म्हणून लोक ते मोजत नाहीत. बारा वर्षांच्या साबची किंमत आधीच तळाला गेली होती, तिच्यात आणखी घसरण्यासारखे काही नव्हते. वजाबाकी केली की निव्वळ बचत उरते वर्षाला सहाशे पौंड, महिन्याला पन्नास. वाईट नाही, पण विक्रेता सांगतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. चार वर्षे वापरलेली छोटी गाडी घेतली असती तर याहून जास्त वाचले असते. मग नवेपणाचे पैसे कशासाठी दिले? निश्चिंतीसाठी. आईच्या रुग्णालयाच्या तारखा ठरलेल्या असत, आणि सकाळी गाडी सुरू होणार याची खात्री मला हवी होती. त्या खात्रीची किंमत आकड्यात बसवता येते हे कळल्यावर ती देताना बरे वाटले.

धुराचा हिशेब अधिक अवघड आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ६७० लिटर वाचले म्हणजे वर्षाला दीड टन वाचला. पण नवी गाडी घडवतानाच पोलाद, काच, रबर, प्लास्टिक आणि कारखान्याची वीज यांपायी साधारण पाच-सहा टन बाहेर पडतो असे धरतात. म्हणजे पहिली चारेक वर्षे केवळ हे कर्ज फेडण्यात जातात. शिवाय जुनी गाडी भंगारात गेली नाही. ती एका तरुणाने हौसेने घेतली. तो ती रोज चालवत असेल, तर पृथ्वीच्या खात्यात बचत शून्य. तो फक्त रविवारी काढतो असे त्याने सांगितले, म्हणून मी हा आकडा अर्ध्यावर ठेवला आहे. नवी गाडी घेऊन पर्यावरणावर उपकार केल्याचे जे समाधान विकले जाते, ते चार-पाच वर्षे उधारीवरचे असते. गाडी दहा-पंधरा वर्षे वापरली तरच ते खरे होते.

स्वस्त कशी होते

आता दुसरा प्रश्न. डासिया हे नाव रोमन काळातल्या त्या प्रदेशाच्या नावावरून घेतले आहे. कंपनी १९६६ साली सुरू झाली. कारखाना पितेश्ती शहराजवळ मिओव्हेनी येथे. पहिल्या गाड्या फ्रान्सच्या रेनोच्या परवान्याने बनत. रेनो-१२ वरून १९६९ साली काढलेली डासिया १३०० किरकोळ बदलांसह २००४ पर्यंत निघत राहिली. आपल्याकडच्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरची आठवण यावी अशी ही कहाणी. बंद बाजारपेठ, एकच गाडी, आणि तिच्याभोवती दुरुस्तीची कला शिकलेली एक अख्खी पिढी.

१९९९ साली रेनोने कंपनी ताब्यात घेतली. रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांनी रशियात सहा हजार डॉलरांना लाडा विकली जाताना पाहिली होती, आणि त्याच किमतीत आधुनिक, भरवशाची आणि परवडणारी गाडी हवी, बाकी सगळे वाटाघाटीचे, असा आग्रह धरला होता. त्यातून २००४ साली लोगन निघाली.

नेहमीच्या पद्धतीत आधी गाडी आखतात आणि मग तिची किंमत काढतात. इथे किंमत आधी ठरली आणि गाडी तिच्यात बसवली गेली. पहिल्या लोगनचे डावे-उजवे बाहेरचे आरसे एकसारखे होते, म्हणजे एकच साचा आणि एकच सुटा भाग. पुढच्या काचेचा बाक कमी ठेवला, कारण सपाट काच बनवायला सोपी आणि तिच्यात खोट कमी निघते. डॅशबोर्ड एकाच साच्यातून काढलेला. इंजिने, गिअर आणि सांगाड्याचे भाग रेनोच्या इतर गाड्यांतून उचललेले. त्यांच्या संशोधनाचा खर्च आधीच वसूल झाला होता.

माझ्या दुसऱ्या पिढीच्या गाडीतही तोच विचार दिसतो. पुढच्या काचांची बटणे दारांवर नाहीत, मधल्या पट्टीवर आहेत. मागच्या काचा हाताने फिरवायच्या. स्टेअरिंग वर-खाली होते, पुढे-मागे होत नाही. ब्रिटनमध्ये ही गाडी २०१३ साली ६,९९५ पौंडांपासून मिळू लागली. त्या सर्वांत खालच्या प्रकारात रेडिओही नव्हता. मात्र जागेत कपात केलेली नव्हती. साडेचार मीटरच्या गाडीत आसनांच्या मागे ५७३ लिटर, आणि आसने दुमडली की १५१८. हे आकडे दुप्पट किमतीच्या गाड्यांना लाजवणारे आहेत. रिकामी जागा बनवायला फारसे पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते कातड्याच्या आसनांना, पडद्यांना आणि आवाज अडवणाऱ्या थरांना.

मराठीत काटकसर आणि चिंगूसपणा असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांतला भेद इथे कामाला येतो. पाहुण्याला पोटभर जेवू घालून ताट पितळेचे ठेवले तर ती काटकसर. ताट चांदीचे आणि आमटीत पाणी, हा चिंगूसपणा. एकसारखे आरसे ही काटकसर आहे; त्यात कोणाचे काही जात नाही.

पण सगळे वगळलेपण इतके निरुपद्रवी नव्हते. युरोपात १९९७ पासून नव्या गाड्या आपटून पाहणारी युरो एनकॅप ही संस्था आहे. २०१४ साली तिने लोगन एमसीव्हीला पाचांपैकी तीन तारे दिले. त्या वर्षी अनेक नव्या गाड्यांना पाच मिळत होते. वेगवेगळ्या वर्षांचे तारे एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण कसोटी दर काही वर्षांनी कडक होते; त्यामुळे माझी जुनी गाडी आणि ही यांची तुलना ताऱ्यांवरून होत नाही. पण त्याच वर्षीच्या महाग गाडीशी तुलना होते, आणि तिथे ही मागे आहे. आईला शेजारी बसवून एम-६२ चढणाऱ्या माणसाला हा आकडा माहीत असायला हवा. मला तो घेताना माहीत होता. माझ्या ऐपतीत आणि माझ्या ओझ्याला पुरेल अशी नवी गाडी हीच होती. मी वेग ६५ वर ठेवतो, टायर चांगले घेतो, आणि तीन तारे विसरत नाही.

दुसरी गोष्ट मजुरीची. लोगन स्वस्त होण्यामागे आरशांइतकाच रोमानियातल्या पगारांचाही वाटा होता. रोमानिया २००७ साली युरोपीय संघात आला. मार्च २००८मध्ये मिओव्हेनीच्या हजारो कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला आणि तो जवळजवळ तीन आठवडे चालला. शेवटी त्यांना वाढ मिळाली. गाडी त्यानंतरही स्वस्तच राहिली आणि विकलीही गेली. म्हणजे स्वस्ताईचा पाया केवळ कमी पगार हा नव्हता. कामगाराला थोडे जास्त देऊनही ती टिकली, ती आरसे, काचा आणि एका साच्यातल्या डॅशबोर्डाच्या जोरावर. पण ही गोष्ट सिद्ध करायला कामगारांना संप करावा लागला, हेही त्याच हिशेबात लिहायला हवे.

नाशिकची लोगन

मराठी वाचकाला लोगन हे नाव नवे नाही. २००७ साली महिंद्र आणि रेनो यांच्या भागीदारीतून हीच गाडी नाशिकच्या कारखान्यात बनू लागली. उजव्या बाजूला स्टेअरिंग असलेली लोगन इंग्लंडच्या रस्त्यांवर दिसण्याच्या सहा वर्षे आधी ती माझ्या गावात तयार होत होती. प्रशस्त, दणकट, खड्ड्यांना न जुमानणारी. तरी घरगुती गिऱ्हाईक तिच्याकडे फारसे वळले नाही. टॅक्सीवाल्यांनी मात्र ती ओळखली. ‘टॅक्सी म्हणून चालते’ हे गाडीच्या टिकाऊपणाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र, आणि आपल्याकडे घरगुती विक्रीला तेच मारक ठरते. २०१० साली रेनो त्या भागीदारीतून बाहेर पडली, आणि २०११ साली गाडीचे नाव व्हेरिटो झाले.

तिचे इस्टेट भावंड भारतात विकले गेले नाही. त्याला पूर्वानुभवही होता. पुण्यात बनलेली टाटा इस्टेट १९९२ साली आली. २००४ साली इंडिगो मरिना आली. दोन्ही रुजल्या नाहीत. मागून त्या रुग्णवाहिकेसारख्या दिसतात, असा शेरा मी लहानपणापासून ऐकला आहे. पण कारण त्याहून खोल असावे. इंग्लंडातले कुटुंब लहान आणि त्याचे सामान मोठे : कुत्रा, बाबागाडी, तंबू, सायकली. आपल्याकडे कुटुंब मोठे आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर. त्यामुळे लांब छपराखाली आपल्याला सामानाऐवजी माणसे हवी होती. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोने आणि २०००च्या क्वालिसने ती गरज भागवली. आपली खरी इस्टेट म्हणजे सुमो, असे म्हटले तरी चालेल.

राहिलेली कसर कराने भरून काढली. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळाली. तेव्हापासून गाडीची शेपटी म्हणजे करपात्र अवयव झाला. २००८ साली इंडिगोची शेपटी कापून ‘सीएस’ निघाली. २०१३ साली व्हेरिटोची शेपटी कापून ‘व्हाइब’ निघाली. इंग्लंडात मी जे वर्ष लोगनची शेपटी लांबवल्याचे म्हणून लक्षात ठेवतो, त्याच वर्षी नाशिकमध्ये तिच्याच बहिणीची शेपटी कापली जात होती. दोन्हीकडे अभियंते हुशारच होते. एकीकडे त्यांना गिऱ्हाइकाचे ओझे सोडवायचे होते, दुसरीकडे कायद्याचे. आणि २०१४च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाचही गाड्यांच्या वाट्याला शून्य तारे आले. चकचकीत रंग आणि संगीताची सोय त्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत होती. ताट चांदीचे आणि आमटीत पाणी, ते हे.

मित्राला दिलेले उत्तर

आता युरोपातही इस्टेट मागे पडत आहे. उंच, जाड, एसयूव्ही म्हणवणाऱ्या गाड्यांनी तिची जागा घेतली आहे. लोगन एमसीव्हीचे उत्पादन थांबले, आणि डासियाने तिच्या जागी आणलेल्या ‘जॉगर’मध्ये अर्धी इस्टेट आणि अर्धी एसयूव्ही आहे. उंच गाडीला हवा जास्त कापावी लागते. वर मांडलेला घनाचा नियम तिला जास्त भोवतो. इस्टेटने हाच प्रश्न अधिक स्वस्तात सोडवला होता. पण ती उंच दिसत नाही, आणि रस्त्यावर उंच दिसणे ही आजची इस्टेट आहे, मराठी अर्थाने.

माझी लोगन दहा वर्षांची झाली. कार्बनचे कर्ज तिने फेडले, घसारा जवळपास थांबला, आणि आता ती खऱ्या अर्थाने स्वस्त आहे. आईचे मत मी पहिल्याच आठवड्यात विचारले होते. ती म्हणाली, “बसायला बरी आहे. आणि खुर्ची माझ्याबरोबर येते, मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीतून नाही.” गेल्या दोन वर्षांत ती खुर्ची गाडीत नसते. मी तिची जागा अजून मोकळी ठेवतो, आणि गणपतीत तिथे मंडळाच्या समया बसतात.

मित्राला मी त्या संध्याकाळी एवढेच म्हणालो की नोकरी ठीक आहे, फक्त ओझे बदलले आहे. आज तो विचारेल तर थोडे अधिक सांगेन. गाडीची किंमत ऐकली की पुढचे दोन प्रश्न विचारावेत : यातले मी रोज किती वापरणार, आणि जे वगळले ते कोणाच्या अंगावर गेले? आरसा वगळला तर हरकत नाही. पगार वगळला, पोलाद वगळले, तर आहे. महाग गाडीलाही हेच दोन प्रश्न लागू होतात, फक्त तिथे ते कोणी विचारत नाही.